पावसाळ्यानंतर ओबीएम सुरू होत नाही? तपासणी कुठून सुरू करावी

मे महिन्याच्या अखेरीस दोन दोऱ्यांत सुरू होणारी ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बसणारी आउटबोर्ड मशीन, ऑगस्टमध्ये हात दुखेपर्यंत दोरी ओढली तरी नुसती खोकत राहते. कोकण किनाऱ्यावर हे दरवर्षीचं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होडी शाकारून वर ओढलेली, मशीन पडवीत नाहीतर होडीवरच ताडपत्रीखाली. काही जण नारळी पौर्णिमेशिवाय पाण्यात उतरत नाहीत. म्हणजे दोन-अडीच महिने कार्बोरेटरच्या वाटीत तेच पेट्रोल पडून असतं.

अशा वेळी पहिला हात कार्बोरेटरला जातो, किंवा दुकानातून नवा प्लग येतो, तोही चालला नाही तर कॉइल. मी उलट बाजूने विचार करायला सांगेन. मशीन मे महिन्यात नीट चालत होती ना? मग नुसत्या पडून राहण्याने तिच्यात काय बदललं असेल? पिस्टन आणि बेअरिंग पडवीत झिजत नाहीत. बदलतात त्या तीन गोष्टी: पेट्रोल, रबर आणि वायरींचे सांधे. तपासणी याच क्रमाने केली तर बहुतेक मशीन पाना फारसा न फिरवता सुरू होतात.

इथे डोळ्यांसमोर आहे ती आपल्याकडे नेहमी दिसणारी टू-स्ट्रोक, एक किंवा दोन सिलिंडरची, दोरीने सुरू होणारी, ८ ते ४० एचपीची मशीन. यामाहाची एंड्युरो किंवा सुझुकीची डीटी या जातीची. फोर-स्ट्रोक कार्बोरेटर मशीनलाही बहुतेक सगळं लागू आहे, फक्त तिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं नाही.

दोरीला हात लावण्याआधी

मशीन कोरडी सुरू करू नका, काही सेकंदांसाठीसुद्धा नाही. खालचा पाण्याचा पंप रबरी पाकळ्यांचा असतो आणि त्या पाकळ्यांना पाण्याचंच वंगण मिळतं. दोन महिने एकाच बाजूला दबून राहिल्याने त्या आधीच ताठरलेल्या असतात. कोरड्यात फिरवल्या की तुटतात आणि तुकडे पाण्याच्या वाटेत अडकतात. मोठा ड्रम घ्या, पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्याच्याही वर येईल इतकं गोडं पाणी भरा. पंखा काढून ठेवलेला बरा. ड्रममध्ये गिअर टाकायचा नाही.

झाकण काढून आत नीट बघा. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात. कुंभारमाशी प्रत्येक भोकात मातीचं घर करते, त्यात मशीन थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते ते भोकही आलं. ते साफ करायला तंगुसाचा (मासेमारीच्या नायलॉन दोरीचा) जाड तुकडा उत्तम.

झाकण उघडं असताना वरचं चक्र (फ्लायव्हील) मोकळं फिरतं, म्हणून गळ्यात गमछा किंवा सैल बाह्या नकोत. आसपास विडी, सिगारेट, दिवा काहीही नको. काम उघड्यावरच करा, बंद पडवीत पेट्रोलची वाफ साचते.

आता साध्या गोष्टी. लाल दोरीची किल स्विचची (मशीन बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप जागेवर आहे का? गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? बऱ्याच मशीनमध्ये गिअर पडलेला असेल तर दोरी ओढलीच जात नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? ठेवताना तो घट्ट केलेला असतो आणि पेट्रोलला जागा करायला हवा आत गेली नाही तर मशीन थोडी चालून बंद पडते. हँडलवरचा थ्रॉटल सुरू करण्याच्या खुणेवर आणि चोक पूर्ण बाहेर. यात २ मिनिटं जातात आणि यातच दोष सापडणाऱ्यांची संख्या कमी नाही.

दोरी मुळीच हलत नसेल तर जोर करू नका. गिअर तपासा. तो न्यूट्रलमध्ये असूनही चक्र फिरत नसेल तर रिंगा गंजून चिकटल्या असण्याचा संभव आहे. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये २-३ चमचे टू-स्ट्रोक तेल सोडा, रात्रभर राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी चक्र हाताने थोडं पुढे-मागे करून बघा. तरीही हललं नाही तर मेकॅनिककडे जा.

आधी पेट्रोल, कारण गुन्हेगार बहुतेक तेच असतं

टाकीच्या तळातून, जिथून नळी पेट्रोल खेचते तिथून, थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास स्थिर ठेवा. मग उजेडात धरा. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झोंबतो. जुन्याचा वास व्हार्निशसारखा, जड आणि आंबूस येतो. रंगही गडद होतो. पेट्रोलमधला सहज उडणारा भाग आधी निघून जातो, आणि थंड मशीन पेटते ती त्याच भागावर. उरतं ते पेटायला आळशी असतं.

आता दुसरी गोष्ट बघा: बाटलीत मधोमध किंवा तळाशी एक रेघ दिसते का, वर एक थर आणि खाली वेगळा थर? दिसत असेल तर ते पेट्रोल वापरायचं नाही, कितीही असो.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. देशभरात २०२२ मध्ये १० टक्क्यांचं मिश्रण गाठलं गेलं आणि २०२५ पर्यंत बहुतेक ठिकाणी २० टक्क्यांचं आलं. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं, आणि कोकणातल्या जुलैइतकं बाष्प आणखी कुठे मिळणार? टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या पत्र्याला घाम येऊन पाणी आत गळतं ते वेगळंच. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का, म्हणजे लिटरला ५ मि.ली. पाणी मावतं. २० टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये थोडं अधिक मावतं. त्यापुढे गेलं की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाशी बसतात.

टू-स्ट्रोकवाल्यांनी इथे थांबून विचार करावा. आपलं तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं आणि ते वरच्या थरात राहतं. नळीचं तोंड तळाशी. म्हणजे मशीनला मिळतं ते बिनतेलाचं पाणी आणि इथेनॉल. ती सुरू झाली नाही तर नशीब समजा, कारण सुरू होऊन तशी चालली तर पिस्टनला वंगण नाही. टाकी हलवून थर पुन्हा मिसळण्याची युक्ती काही जण सांगतात. ती टिकत नाही, होडी उभी राहिली की थर परत बसतो. वरचा थर अलगद काढून वापरावा तर त्याचं इथेनॉल गेल्याने ऑक्टेन उतरलेला असतो. सगळं काढून टाका. काढलेलं पेट्रोल खाडीत किंवा वाळूत ओतू नका, बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

टाकी ताज्या पेट्रोलने थोडी खंगाळा, तळाची जाळी धुवा, मग नवं मिश्रण करा. मशीनच्या पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मि.ली., २४ लिटरच्या टाकीला ४८० मि.ली. तेल. तेल टीसी-डब्ल्यू३ मानांकनाचंच घ्या. स्कूटरचं टू-टी तेल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्यावर थंड होणाऱ्या मशीनमध्ये त्याची राख साचते.

ओबीएम बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं पुस्तकात लिहितात. पंपावर मिळतं ते आपल्या हातात नाही, पण ते किती दिवस ठेवायचं ते आहे. आठवड्याला लागेल तेवढंच भरा.

बल्ब काय सांगतो

नवं पेट्रोल जोडून नळीतला रबरी बल्ब दाबा. बल्बवरचा बाण मशीनच्या दिशेने हवा, आणि दाबताना मशीनकडचं तोंड वर धरा, म्हणजे आतले व्हॉल्व नीट बसतात. दहा-बारा दाबांत तो हाताला दगडासारखा घट्ट लागला पाहिजे.

घट्ट होतच नाही आणि पेट्रोलही कुठे गळत नाही, तर हवा शिरते आहे. टाकीकडचा आणि मशीनकडचा कनेक्टर बघा, त्यातल्या बारीक ओ-रिंगा सुकून चिरतात. नळी बोटांत वाकवून बघा, चिरा दिसल्या किंवा आतून चिकट, मऊ झालेली वाटली तर बदला. इथेनॉल जुन्या नळ्यांचं आतलं अस्तर खातं आणि त्याचे कण थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन बसतात.

घट्ट होत नाही आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकतं आहे, तर वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी आतली सुई बसत नाही. तिला उचलणारा फ्लोट (वाटीतला तरंगता भाग) अडकला आहे किंवा सुईच्या टोकावर कचरा आहे.

बल्ब घट्ट झाला तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून खाली बाटली धरा. काहीच आलं नाही तर सुई डिंकाने जागीच चिकटली आहे. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टक-टक करा, कधीकधी तेवढ्यानेही सुटते. जुनं पेट्रोल आलं तर ते पूर्ण निथळू द्या आणि बल्ब दाबून ताजं येईपर्यंत वाहू द्या. फक्त एवढं करून, चोक ओढून, पुन्हा प्रयत्न करून बघा. कार्बोरेटर न उघडता सुरू होणाऱ्या मशीन इथेच सुरू होतात.

रॉकेलवर चालणाऱ्या मशीनबद्दल एक सांगायला हवं. ती सुरू करायची पेट्रोलवर आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणायची, म्हणजे वाटीत पेट्रोल उरतं. मे महिन्यात शेवटच्या फेरीला हे विसरलं असेल तर वाटीत रॉकेलच आहे आणि थंड मशीन त्यावर पेटणार नाही. वाटी निथळा, काम झालं.

प्लग काढा, तो खरं बोलतो

सहा-आठ दोऱ्या ओढूनही सुरू होत नसेल तर आणखी ओढत बसू नका. दोन्ही प्लग काढा. पाना सरळ धरा, तिरका लागला तर पोर्सेलीनला तडा जातो.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतं, पण पेटत नाही. पुढचं सगळं या एका फरकावर ठरतं.

आता ठिणगी. प्लग टोपीत घालून त्याचा लोखंडी भाग ब्लॉकला पक्का टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग हवेत मोकळा ठेवून दोरी ओढू नका, त्याने सीडीआयला (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) इजा होऊ शकते. स्पार्क टेस्टर मिळाला तर तोच वापरा, सुरक्षित असतो. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळी, लोंबती ठिणगी दाबाखाली विझते.

एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर दोष त्या बाजूचा: प्लग, टोपी, वायर किंवा कॉइल. प्लग अदलाबदल करून बघा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लगच गेला आहे. दोन्हीकडे ठिणगी नसेल तर दोन कॉइल एकाच पावसाळ्यात जाणं कठीण, दोष सामाईक जागी असणार. म्हणजे किल स्विच, त्याची क्लिप, अर्थिंगची वायर, आणि शेवटी सीडीआय. खाऱ्या हवेत किल स्विच आतून गंजतो आणि मशीनला सतत "बंद हो" असं सांगत राहतो. त्याची वायर तात्पुरती सोडवून ठिणगी तपासा. ठिणगी आली तर स्विच बदला. वायर सुटी ठेवून मात्र कधीही समुद्रात जाऊ नका. माणूस पाण्यात पडला तर मशीन थांबवणारी तीच एक गोष्ट आहे. हिरवट झालेले सांधे कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, पुन्हा जोडताना त्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

नवा प्लग घेताना जुन्यावरचा पूर्ण क्रमांक वाचा. एनजीकेच्या क्रमांकात शेवटी -१० असेल तर गॅप १ मि.मी. शेवटचे दोन अंक दुकानदार सहज गाळतो.

प्लग ओले आणि ठिणगी चांगली, तर मशीन तुंबली आहे. प्लग बाहेर ठेवून, चोक आत ढकलून, थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी ओढा, म्हणजे जास्तीचं पेट्रोल बाहेर पडेल. टोप्या मात्र तेव्हाही ब्लॉकला टेकवलेल्याच हव्यात. भोकांपाशी फडका धरा. प्लग पुसून परत लावा आणि या वेळी चोकशिवाय प्रयत्न करा.

प्लग कोरडे आणि ठिणगी चांगली, तर ही एक चाचणी करा. तेल मिसळलेलं ताजं पेट्रोल, प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा चमचा, प्लगच्या भोकातून. प्लग लावा, सांडलेलं पुसून घ्या, वाफ उडू द्या आणि दोरी ओढा. मशीन दोन-तीन सेकंद पेटून विझली तर ठिणगी आणि दाब दोन्ही ठीक आहेत, दोष फक्त पेट्रोल पोहोचण्यात आहे. आता कार्बोरेटर उघडायला हरकत नाही. या चाचणीसाठी ईथरचा स्प्रे नको. तो सिलिंडरवरचं तेल धुऊन काढतो.

कार्बोरेटर

मशीन चोकवर सुरू होते आणि चोक आत ढकलला की मरते, किंवा वेगात चालते पण मंद गतीला टिकत नाही, तर पायलट जेट (मंद गतीचं पेट्रोल देणारा) बंद आहे. कार्बोरेटरमधली सर्वांत बारीक वाट तीच, म्हणून डिंक तिथे आधी जमतो.

सुटं करण्याआधी मोबाइलवर प्रत्येक बाजूचे फोटो काढा. दोन कार्बोरेटर असतील तर एका वेळी एकच उघडा, दुसरा नमुना म्हणून समोर राहतो. जपानी मशीनचे चौफुली स्क्रू आपल्या नेहमीच्या स्टार स्क्रूड्रायव्हरला नीट बसत नाहीत, घसरून डोकं खराब होतं. जेआयएस (जपानी मानकाच्या) मापाचा घ्या. खाऱ्याने अडकलेल्या स्क्रूवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

वाटी काढल्यावर तळाशी काय दिसतं? पिवळा-तपकिरी चिकट थर म्हणजे जुनं पेट्रोल. पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमला पाणी लागलं आहे. हिरवी पूड पितळेच्या जेटची.

पायलटचा मिश्रण-स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवा, टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून कागदावर लिहा, आणि मगच बाहेर काढा. लावताना तितकेच फेरे. आत फिरवताना जोर केला तर सुईचं टोक कायमचं बिघडतं.

मेन जेट, पायलट जेट, नोझल काढा. फ्लोट, सुई आणि सगळं रबर वेगळं ठेवा, कार्बोरेटर क्लीनरने ते फुगतं. बाकी भागांवर क्लीनर मारून १५-२० मिनिटं ठेवा आणि प्रत्येक वाटेतून हवा मारा. हवेआधी डोळ्यांवर चष्मा, कारण क्लीनर उलटा उडतो. जेट उजेडात धरा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. लोखंडी तार किंवा सुई घालू नका. भोकाचं माप शतांश मिलिमीटरमध्ये ठरलेलं असतं, ते एकदा ओरबाडलं की मशीन कायम जास्त पेट्रोल पिते. पातळ तंगूस चालतं. ज्यातून हवा जात नाही असा पायलट जेट तासाभराने पुन्हा साफ करा, तरीही नाही तर नवा घ्या. तो महाग नसतो.

सुईच्या रबरी टोकावर गोल चर पडली असेल तर सुई बदला. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल वाजलं तर तो फुटका आहे. सगळं लावून, कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडाशी जोडलेल्या स्वच्छ नळीतून हलकी फुंकर मारा. फ्लोटच्या वजनाने सुई बसून हवा थांबली पाहिजे. वाटीचं गॅस्केट नवं लावा.

सुरू झाली, पण थोड्या वेळाने मरते

बल्ब सतत दाबत राहिलं तर चालते आणि सोडला की मरते, असं असेल तर पेट्रोल पंपाचा पडदा ताठरला आहे. हा छोटा पंप क्रँककेसमधल्या दाबावर चालतो. पडदा आणि गॅस्केटचा संच बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे.

पेट्रोल ताजं, ठिणगी निळी, कार्बोरेटर स्वच्छ आणि तरीही काही नाही, तर सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) मोजा. सगळे प्लग काढून, वायरी ब्लॉकला टेकवून, थ्रॉटल पूर्ण उघडून. अशा मशीनमध्ये साधारण ९० ते १२० पीएसआय मिळतो, पण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक बघा. १५ टक्क्यांहून जास्त असेल तर रिंगा किंवा हेड गॅस्केट. इथून पुढे मेकॅनिक.

सुरू झाल्यावर पहिली नजर पाण्याच्या धारेवर. अर्ध्या मिनिटात धार आली नाही तर बंद करा. भोक मोकळं असूनही धार नसेल तर पंपाच्या पाकळ्या बदला. वाळूच्या खाडीत चालणाऱ्या मशीनला त्या दरवर्षी नव्या घालाव्यात असं माझं मत आहे. गिअरचं तेलही थोडं काढून बघा, दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलं आहे.

पहिली फेरी खाडीतच, वल्हं आणि नांगर बरोबर घेऊन, अर्धा तास मंद आणि वेगात आलटून पालटून. परत येऊन प्लग काढा. चॉकलेटी असेल तर उत्तम. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतं आहे. तशा मशीनवर बाहेर जाऊ नका, पूर्ण वेगात पिस्टन जळतो.

पुढच्या मे महिन्यात

शेवटच्या फेरीनंतर गोड्या पाण्यात १० मिनिटं चालवा. नळी काढून मंद गतीला वाटीतलं पेट्रोल संपू द्या आणि उरलेलं निचऱ्याच्या स्क्रूने काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक चमचा टू-स्ट्रोक तेल, दोन-तीन हलक्या दोऱ्या, प्लग परत जागेवर. टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी. मशीन उभीच ठेवा, आडवी ठेवली तर आतलं पाणी निथळत नाही. धारेच्या भोकात कापसाचा बोळा आणि हँडलला त्याची चिठ्ठी.

आणि बंदी उठायच्या निदान दहा दिवस आधी मशीन ड्रममध्ये लावून बघा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या प्रत्येक मेकॅनिककडे रांग असते, आणि पंपाचा पडदा किंवा सुई तालुक्याच्या दुकानात नसली तर मुंबईहून यायला चार दिवस लागतात.